खोलीत पाणी आणायचं नाही

माझ्या नवऱ्याचा फोन दर तासाला टिंग करतो आणि त्यावर एक निळा थेंब उड्या मारतो. मग नवरा हातातलं काम टाकून बाटलीतून घटाघटा पाणी पितो आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारतो, "प्यायलात का पाणी?" जेवताना विचारतो, पाहुण्यांसमोर विचारतो. एकदा शेजाऱ्यांकडे दुखवट्याला गेलो होतो, तिथेही विचारलं. त्याच्या बाटलीवर रेघा आहेत आणि किती वाजेपर्यंत कुठल्या रेघेपर्यंत पोचायचं तेही तिच्यावर छापलेलं आहे. माणूस वाईट नाही. विमा कंपनीत आहे, तिथे सगळ्यांना सांभाळून घेतो म्हणे. पण एकच प्रश्न दिवसातून इतक्यांदा कानावर आला की उत्तर देण्याऐवजी ती बाटलीच त्याच्या डोक्यात घालावीशी वाटते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात तो बरोबर निघाला. या सगळ्यात मला सर्वांत जास्त त्रास कशाचा झाला असेल तर याचा.

मी आणि माझे सासरे जुने नकाशे दुरुस्त करतो. बाबांनी उभं आयुष्य हेच केलं. मी लग्नानंतर त्यांच्या हाताखाली शिकले. तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. खिडकीजवळ बाबांचं टेबल, दाराजवळ माझं, आणि मध्ये एक मोठा फळा आडवा टाकलेला. त्यावर मोठे नकाशे पसरतात. कसरीने खाल्लेले, घड्यांवर फाटलेले, कोणीतरी माळ्यावर विसरलेले नकाशे आमच्याकडे येतात. तुकडे जुळवायचे, मागून पातळ कागद लावायचा आणि खळीने चिकटवायचे. खळ आम्ही रोज सकाळी ताजी शिजवतो. तिचा फायदा असा की ती पाण्याने परत सुटते. चुकलं तर सोडवता येतं.

खोलीचा एकच मोठा नियम आहे. आत पाणी आणायचं नाही.

बाबा शिकत होते तेव्हा त्यांच्या गुरूंचा पेला एका नकाशावर लवंडला आणि एक अख्खी नदी पुसली गेली. बाबा ही हकिगत अशी सांगतात की काठावरची गावंसुद्धा वाहून गेली असं वाटावं. तेव्हापासून पिण्याचं पाणी बाहेर, जिन्याजवळच्या स्टुलावर. आत येतं ते फक्त कागदासाठी, झाकणाच्या वाटीत. बरं, बाहेर जाऊन प्यायला कोणाची ना नाही. पण जायचं तर आधी तुकड्यांवर वजनं ठेवायची, वाऱ्याने उडू नयेत म्हणून खिडकी लावायची, पंखा बंद करायचा, कापडी बाह्या उतरवायच्या, हात पुसायचे, दार ओढून घ्यायचं. परत आल्यावर हेच सगळं उलटं. शिवाय पाणी प्यायलं की त्याचा पुढचा प्रवास आलाच, आणि ती सोय तळमजल्यावर, चार दुकानांत मिळून एक. एवढा कुटाणा कोण करणार? आम्ही जेवायला घरी जायचो तेव्हा काय प्यायचो तेवढंच. तेही बाबा अर्धा पेला. "दुपारी मध्येच उठावं लागतं," म्हणायचे.

सकाळचे बाबा म्हणजे गुणी माणूस. गुणगुणत काम करतात, मला हळू आवाजात समजावतात. दुपार कलली की याच माणसाला काय होतं देव जाणे. चिमटा हातात असतो आणि मला विचारतात चिमटा कुठे ठेवलास. एकच प्रश्न दोनदा. मग माझ्या मागे उभं राहून सुरू होतात.

"खळ कडेने आत ओढू नकोस. मधून बाहेर ओढ. किती वर्षं सांगतोय?"

"बाबा, चिकटतं ना शेवटी? मग?"

"चिकटतं म्हणजे झालं का? हे काय पाकीट आहे?"

माझंही डोकं त्या वेळेला ठणकत असायचं. भुवयांच्या वर एक पट्टा आवळल्यासारखा. मी फटकन काहीतरी बोलायचे, ते खुर्ची आपटायचे, आणि आम्ही दोघं पाठ करून बसायचो. संध्याकाळी घरी येऊन चहा वगैरे झाला की दोघांनाही कळायचं नाही की नक्की कशावरून वाजलं. वय झालंय त्यांचं, असं मी म्हणायचे. सुनेचं कामात लक्ष नाही, असं ते म्हणायचे. नवरा म्हणायचा, प्यायलात का पाणी. वडलांना मात्र तो हे विचारत नसे. एकदा बाटली घेऊन खोलीत आला होता, तेव्हा बाबांनी त्याला बाटलीसकट जिना उतरवला होता.

अशात त्या बेटाचं प्रकरण झालं.

एका संग्रहालयाचा किनाऱ्याचा मोठा नकाशा आमच्याकडे होता. अर्धा बाबांनी घेतला, अर्धा मी. मधल्या शिवणीवर दोघांचे हात. नकाशा परत गेला आणि आठवड्यात संग्रहालयाच्या बाई तो घेऊन वर आल्या. बाई फार सौम्य. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

"एक विचारू का?" त्यांनी शिवणीजवळच्या एका बेटावर बोट धरलं. "हे दीपगृह बेटाच्या या बाजूला कसं? हे तर जमिनीला उजेड दाखवतंय."

मी बघितलं. नखाएवढं बेट, कडा कसरीने खाऊन गोल झालेल्या, त्यामुळे कसंही फिरवलं तरी बसेल असं. ते चक्क उलटं चिकटलं होतं. समुद्रातल्या जहाजांनी आपलं आपण बघून घ्यायचं.

बाबांनी भिंग घेतलं, ठेवलं, परत घेतलं. "हे असं कसं झालं?" एवढंच म्हणाले. दुपारची वेळ होती. ते पुन्हा म्हणाले, "हे असं कसं झालं?" आणि भिंग शोधायला लागले, जे त्यांच्या हातातच होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी खिडकीकडे.

त्या संध्याकाळी नवऱ्याने विषय काढलाच.

"बाबांना आता घरी बसवू या. टेबल खाली घेऊ. शनिवारी माणसं सांगतो."

"टेबल कशाला?"

"टेबल तिथे राहिलं तर ते रोज जाऊन बसणार. आज एक बेट उलटं लागलं. उद्या एखादा नकाशाच गेला तर? त्यांचं एवढं नाव आहे, ते तरी शाबूत राहू दे."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखंच झालं. रोजच्या कटकटीने माझ्या नाकी नऊ आले होते. पण बाबांनी हे दाराआडून ऐकलं होतं. भांडायला एरवी कारण लागत नाही त्या माणसाला. सकाळी माझ्याआधी आवरून बसले आणि म्हणाले, "टेबल गेलं की मी कुठे बसायचं, तेवढं सांगून ठेवा."

आधी डॉक्टरला दाखवू, असं मी म्हटलं. नवऱ्याने विस्मरणाच्या डॉक्टरांची मुद्दाम दुपारचीच वेळ घेतली. "दुपारीच बिघडतं ना? मग दुपारीच बघू दे." न्यायचं मात्र मी, कारण त्याला ऑफिस.

डॉक्टर उशिरा आल्या. आम्ही बाकावर बसून राहिलो. कोपऱ्यात पाण्याचं मशीन होतं आणि शेजारी कागदी पेल्यांची चळत. बाबांनी थोडा वेळ त्या पेल्यांकडे बघितलं, मग उठून एक घेतला आणि उजेडात धरून फिरवला.

"शिवण बघ. कडेला एवढीशी चिकटवलीय. ही पाण्यात टिकते कशी?"

"टिकते बाबा. पेलाच आहे तो."

"बघू या ना."

त्यांनी पेला भरला आणि शिवणीवर नजर ठेवून उभे राहिले. गळला नाही. पाणी टाकणार कुठे, म्हणून पिऊन टाकलं. परत भरला. परत प्यायले. दर वेळी शिवण चिमटीत दाबून बघायची, मान हलवायची आणि पुढचा भरायचा. बाकावरची माणसं बघायला लागली. मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन भिंतीवरचं पत्रक वाचत होते. मला ना पाणी सुचलं, ना कोणी विचारलं. ज्याने विचारायचं तो ऑफिसात होता. मध्येच बाबा कंपाउंडरला रस्ता विचारून एकदा बाहेर जाऊन आले आणि आल्यावर पुन्हा मशीनपाशी.

डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी बाबांना पाच शब्द सांगितले, म्हणाल्या, "हे लक्षात ठेवा, शेवटी विचारेन." मग घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी पेन्सिलीला आधी टोक करून मागितलं आणि असं गोल काढलं की डॉक्टरांनी कागद जवळ ओढून बघितला. मग शंभरातून सात वजा, त्यातून परत सात. मी मनातल्या मनात सोबत करत होते. शहाऐंशीपाशी माझी गाडी अडली. बाबा पार खाली उतरून थांबले आणि पुढचं काय, म्हणून बघायला लागले. मघाचे शब्द डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्यांनी क्रमाने सांगितले. मला दोन आठवत होते.

हा दुपारचा माणूस नव्हता. हा माझ्या ओळखीचा सकाळचा माणूस होता. इथे तो दुपारचा कसा आला, तेच मला कळेना. आणि जळफळाटही झाला. घरी मला छळायचं आणि इथे पहिला नंबर काढायचा.

"दिवसभरात पाणी किती पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा ताठ बसले. "कामाच्या वेळी थेंब नाही. आमच्या खोलीत पाणी येत नाही."

"म्हणजे? नळ नाही?"

"नियम आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "या वयात तहान लागलेली नीटशी कळत नाही. पाणी कमी पडलं की लक्ष लागत नाही, चिडचिड होते, कधी गोंधळही उडतो. तरुण माणसाचंही डोकं दुखतं." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाळ चोळत होते, ते सोडून दिलं. "सगळं त्यानेच होतंय असं मी आज म्हणणार नाही. काही तपासण्या करू. पण आधी महिनाभर पाणी नीट प्या आणि मग या."

रात्री नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं तो नाचेल. त्याने बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाला, "ते पिणार आहेत का? तूच सांग. त्या खोलीत ते पिणार नाहीत. आणि बेट उलटं लागलं हे तर खरं ना?"

खरंच होतं. शनिवार तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी नकाशा दुरुस्त करून द्यायचा होता. सकाळ बाकीच्या कामात गेली, आणि बाबा बेट सोडवायला बसले ते नेमकं दुपारी. मी जिन्याजवळ दोन पेले भरून ठेवले होते.

"बाबा, आधी बाहेर चला. दोन घोट घ्या."

"काम झाल्यावर."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"त्यांच्या खोलीत त्यांचा नियम. टीपकागद दे."

"तुमच्या हातात आहे."

होता. बाबांनी हाताकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मग टीपकागद वाटीत बुडवला, पिळला आणि बेटावर ठेवला. मिनिटभरही थांबले नाहीत. हाडाची पट्टी घेऊन बेटाच्या कडेखाली घालायला निघाले.

"बाबा, अजून ओलं झालं नसेल."

"मला शिकवतेस?"

"फाटेल."

"तुला काय त्याचं? शनिवारनंतर तुझीच खोली आहे. मग पाहिजे ते कर."

झालं. एवढं मात्र मला सहन झालं नाही. मी त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली. आजवर असं कधी केलं नव्हतं.

"कोरडा कागद कधी उलगडायचा नाही, तडकतो, हे मला कोणी शिकवलं? तुम्ही शिकवलंत. आधी ओल द्यायची, बसून राहायचं, आपण होऊन मऊ पडला की मगच हात लावायचा. त्या मेल्या कागदाला दिवसातून चार वेळा पाजता आणि स्वतः वाळून बसता. तुमचं टेबल चाललंय बाबा. वय झालं म्हणून नाही. तुम्हाला बाह्या उतरवायचा कंटाळा येतो म्हणून. आणि तो बाटलीवाला मला जन्मभर ऐकवणार आहे, ते वेगळंच."

बाबांनी एकेक वजन उचलून तुकड्यांवर ठेवलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. बाह्या उतरवल्या आणि घडी घालून खुर्चीवर ठेवल्या. दाराशी थांबून म्हणाले, "तू पण चल. तुझं तोंड बघ कसं झालंय ते."

शिक्षा झालेल्या मुलांसारखे आम्ही जिन्याजवळ उभे राहून प्यायलो. दोन दोन पेले. एकमेकांशी बोललो नाही.

"काल त्या डॉक्टरांनी कुठले शब्द सांगितले होते?" बाबांनी एकदम विचारलं.

"चमचा," मी म्हटलं. "लिंबू."

"आणि?"

मी पेल्याच्या तळाशी बघितलं.

"चमचा, पूल, लिंबू, शिट्टी, खिडकी," बाबा म्हणाले. "परीक्षा माझी होती म्हणे."

तळमजल्यावर जाऊन येऊन, थोडं बसून आम्ही आत आलो तोवर टीपकागदाने आपलं काम केलं होतं. बाबांनी पट्टी घातली आणि बेट अलगद निघालं. हात स्थिर होता. त्यांनी ते चिमट्याने उचललं, पालथं केलं आणि दिव्याखाली तिरकं धरलं, खळ किती राहिली ते बघायला.

मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. खळीवर ब्रशाचे फटकारे उमटलेले असतात. तिरक्या उजेडात ते दिसतात. सगळ्या कडांवरून सुरू होऊन मधे येऊन थांबले होते. कडेने आत.

या खोलीत खळ अशी ओढणारं माणूस एकच आहे.

बाबांनी बघितलं. त्यांना कळलं नाही असं होणंच शक्य नव्हतं. इतकी वर्षं त्याच एका गोष्टीवरून ते माझ्यावर ओरडत आलेत. त्यांनी ओल्या कापसाने मागची खळ सावकाश टिपून घेतली, सगळी, एकही फटकारा शिल्लक ठेवला नाही.

"खळ जरा जास्त झाली होती," ते म्हणाले. "होतं कधी कधी. त्याला सांग, माझ्याकडून जास्त लागली."

त्यांचं टेबल जाणार होतं माझ्या बेटापायी, आणि ते माझा हात पुसून टाकत होते. मला इतकी लाज वाटली की राग आला. त्यांचा, माझा, त्या नखाएवढ्या बेटाचा. आणि मग भसकन रडू आलं, नकाशावर वाकलेली असतानाच.

बाबांनी झटकन माझी कोपरं धरून मला मागे ओढलं.

"नकाशा आहे समोर," ते म्हणाले. "डोळ्यांतलं असो नाहीतर पेल्यातलं, पाणी खोलीत नको. बाहेर जा. शांत झालीस की ये."

मी बाहेर गेले. नाक पुसलं. मग फोन लावला.

"शनिवारची माणसं रद्द कर," मी म्हटलं. "टेबल हलणार नाही."

"अगं, पण ते बेट?"

"बेट मी लावलं होतं. उलटं. आता कळलं."

पलीकडे काहीच आवाज नव्हता. नवरा हिशेब मांडत असावा, इतके दिवस आपण कोणाला घरी बसवायला निघालो होतो त्याचा. मग त्या शांततेत टिंग झालं. त्याने श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"प्यायलोय," मी म्हटलं. "दोघंही. आणि आता विचारलंस तर बघ."